दशावताराच्या माईकसाठी घरी बांधलेला कंप्रेसर: कामाच्या नोंदी

१४ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. वेंगुर्ल्याकडच्या गावांतून कार्तिकापर्यंत जत्रा नाहीत, त्यामुळे साउंडची पेटारी बंद आणि टेबल मोकळं. हे कंप्रेसरचं काम, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारा डबा बांधायचं, आता हातात घेतलं नाही तर परत पुढल्या पावसाळ्यावर जाईल.

दशावताराचा साउंड सांभाळणं हे गाण्याच्या कार्यक्रमापेक्षा फार अवघड. संहिता नसते. संवाद नट उभ्या उभ्या रचतो, त्यामुळे पुढचं वाक्य कुजबुजीत येणार की आरोळीत, हे मिक्सरवर बसलेल्याला कळायला मार्ग नाही. राजा माईकपासून फुटभरावर उभा राहून बोलतो आणि दोन पावलं मागे सरून चार फुटांवर जातो. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे नटाने आवाज तेवढाच ठेवला तरी १२ डेसिबल गेले. मग राक्षस प्रवेश घेतो तो माईकच्या तोंडावर. फेडरवर, म्हणजे मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकपट्टीवर, बोट ठेवून रात्रभर जागायचं, आणि पहाटे तीन-साडेतीनला डोळा लागला की नेमकी तेव्हाच आरोळी येते.

तयार कंप्रेसर मिळतात आणि चांगले असतात. पण ऐन हंगामात एखादा बंद पडला तर आतले तांदळाएवढे भाग बदलणारा माणूस इथे मिळत नाही. मला असा हवा, की ज्याचा प्रत्येक भाग ड्रॉवरमधून काढून रात्री देवळाच्या मागे बसून बदलता येईल.

२० जुलै

आवाज दाबायचा कशाने, हे आधी ठरवायला हवं. दोन रस्ते समोर आहेत.

पहिला एफईटीचा, हा ट्रान्झिस्टरचा एक प्रकार. बिल पटनमने १९६७ साली ११७६ हा कंप्रेसर काढला त्यात हीच युक्ती आहे: एफईटीला व्होल्टेजने बदलणाऱ्या रेझिस्टरसारखं वापरायचं. बीएफडब्ल्यू१० हा एफईटी आपल्याकडे सहज मिळतो, पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी हाताळलेला. अडचण दोन ठिकाणी येते. एकाच पाकिटातल्या दोन नगांचं पिंच-ऑफ व्होल्टेज, म्हणजे ज्याला तो बंद होतो ते व्होल्टेज, एकमेकांशी जुळत नाही. दुसरं म्हणजे त्याच्यावर सिग्नल पन्नासेक मिलिव्होल्टच्या वर नेला की आवाज फाटायला लागतो. म्हणजे आधी सिग्नल खाली आणा, मग परत वर चढवा, आणि चढवताना खरखरही चढवा.

दुसरा रस्ता उजेडाचा. टेलेट्रॉनिक्सचा एलए-२ए हा कंप्रेसर १९६०च्या दशकातला, जिम लॉरेन्सने केलेला. त्यात आवाज वाढला की एक पट्टी उजळते, त्या उजेडाने समोरच्या प्रकाशसंवेदी रेझिस्टरचा रोध उतरतो आणि सिग्नल जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडला, वळतो. आपल्या भाषेत एलईडी आणि एलडीआर. एलडीआरमधून एक व्होल्टचा सिग्नल गेला तरी तो फाटत नाही. चाल मंद असते, पण बोलण्यासाठी तोच त्याचा गुण आहे. क, ट, प यांचा पहिला ठोका दाबायच्या आत निघून जातो आणि शब्द कळतो. दशावतारात शब्द कळला नाही तर राहिलं काय?

एलडीआर ठरला. जीएल५५२८. भाच्याला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगितलंय, तुतारी एक्सप्रेसने येताना घेऊन येईल.

२८ जुलै

ब्रेडबोर्डवर मांडणी झाली.

मिक्सरच्या इन्सर्टमधून, म्हणजे मधेच बाहेरचं यंत्र जोडायच्या जॅकमधून, सिग्नल येतो, टीएल०७२ या दोन ऑप-अँप असलेल्या आयसीच्या एका अर्ध्यातून पुढे जातो. मग १० किलोओहम मालिकेत, त्यापुढे एलडीआर जमिनीकडे. दुसरा अर्धा गेलेली पातळी भरून काढतो. अंधारात एलडीआर मेगओहमच्या वर असतो, तेव्हा सिग्नलला धक्का लागत नाही. उतरून १० किलोओहम झाला की ६ डेसिबल कमी. ५०० ओहमपर्यंत आला तर २६ डेसिबल. एवढं कधी लागू नये.

नियंत्रणाचा सिग्नल मी आउटपुटवरून घेतोय, इनपुटवरून नाही. एलडीआरची वागणूक सरळ रेषेत नसते. आउटपुटवरून घेतलं की जास्त दाबलं गेल्यावर एलईडी आपोआप मंदावते आणि वाकडेपणा बराचसा भरून निघतो. तो सिग्नल फुल-वेव्ह रेक्टिफाय होऊन, म्हणजे एकाच दिशेचा होऊन, १ मायक्रोफॅरडच्या पॉलिस्टर कपॅसिटरवर जातो. कपॅसिटरशी समांतर १ मेगओहमचा पॉट, म्हणजे फिरवून बदलायचा रेझिस्टर, तो रिलीजचा: दाब सुटायला किती वेळ लागावा ते ठरवणारा. पुढे टीएल०७२चा बफर, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, ४७० ओहम आणि एलईडी. एलईडीच्या मालिकेत दुसरी लाल एलईडी दर्शनी भागावर लावणार. दोघींतून करंट एकच, त्यामुळे किती दाबलं जातंय ते मीटर न लावता डोळ्याला दिसेल.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर या जागी मुद्दाम टाळला. त्याची स्वतःची गळती असते आणि वयाबरोबर ती बदलते.

४ ऑगस्ट

सेल बनवला. एलईडी आणि एलडीआर तोंडाला तोंड लावून काळ्या श्रिंक ट्यूबमध्ये. एलईडी बंद असताना रोध मोजला तर पन्नास-साठ किलोओहम! मेगओहम कुठे गेला?

टेबलावरची ट्यूबलाइट मालवली, आकडा वर गेला. श्रिंक ट्यूब दिसते काळी, पण पातळ असते, आणि दोन्ही टोकांना पायांच्या बाजूने उजेड आत शिरतो. जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, त्यामुळे तो उजेड घरघर म्हणूनही ऐकू येतो. दुसरी ट्यूब वरून चढवली, टोकं एम-सीलने बुजवली, वाळल्यावर काळा रंग दिला. आता टॉर्च मारला तरी मल्टिमीटर ढिम्म हलत नाही.

पाकिटातले सगळे एलडीआर एकाच एलईडीखाली, एकाच करंटला मोजून घेतले. काहींचा रोध दुसऱ्यांच्या दुप्पट. कंपनीच्या कागदावरच १० लक्सला ८ ते २० किलोओहम असा पट्टा दिलेला आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही. जवळजवळच्या आकड्यांची जोडी वेगळी काढून चिठ्ठी लावून ठेवली, दुसरा चॅनल करायचा झाला तर लागेल. एलडीआरमध्ये कॅडमियम असतं. तुटलेले नग केरात जाऊ देऊ नयेत, घरात पोरं असतील तर नाहीच.

११ ऑगस्ट

व्हेरोबोर्डवर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्या असलेल्या बोर्डावर, आणलं. लावल्याबरोबर कान किटवणारी बारीक शिट्टी. प्रत्येक आयसीच्या पुरवठ्याच्या पायांना अगदी लगत ०.१ मायक्रोफॅरड आणि आउटपुटला मालिकेत १०० ओहम. शिट्टी गेली. लांब केबल जोडणार असाल तर हे १०० ओहम विसरू नयेत.

१८ ऑगस्ट

आजची गोष्ट सविस्तर लिहितो, कारण इथल्या हवेत हे कुणाच्याही वाट्याला येईल.

रिलीजची वेळ मोजायला लॅपटॉपवर ऑडॅसिटीत १ किलोहर्ट्झचा सूर तयार केला. काही वेळ मोठा, मग एकदम १२ डेसिबल लहान. तो कंप्रेसरमधून फिरवून परत रेकॉर्ड केला की लाट दिसते: आवाज खाली पडतो आणि मग हळूहळू चढत आपल्या जागेवर येतो. तो चढ म्हणजे रिलीज. गेल्या आठवड्यात उघडीप होती तेव्हा पॉट पूर्ण वळवून साधारण सेकंदाचा मिळाला होता, गणिताप्रमाणेच. आज दिवसभर झड, भिंतींना ओल, आणि तोच पॉट त्याच जागी असून रिलीज निम्म्यावर.

पॉट काढून बाजूला ठेवला. कपॅसिटरला ९ व्होल्टवर चार्ज केलं आणि बफरच्या आउटपुटवर मल्टिमीटर लावला. थेट कपॅसिटरवर लावायचा नाही, मीटरचा स्वतःचा १० मेगओहमचा रोधच चार्ज पिऊन टाकतो. टीएल०७२च्या इनपुटला जाणारा करंट पिकोअँपिअरमध्ये असतो, तेव्हा आकडा बराच वेळ तसाच राहायला हवा. इथे तो नऊवरून तीनवर यायला सेकंदभरच लागला. म्हणजे बोर्डावर कुठेतरी मेगओहमभर रोधाची वाट उघडी आहे.

बोर्डावर तोंडाने वाफ सोडली, तर आकडा आणखी झपाट्याने पडला. ६० वॉटचा दिवा जवळ आणून बोर्ड गरम केला, आकडा थबकला. दिवा दूर नेला, तासाभरात गळती परत सुरू. कपॅसिटर निर्दोष. भिंग लावून पाहिलं तर दोन पट्ट्यांमध्ये सोल्डरिंग पेस्टचा पिवळसर थर, आणि त्यावर घाम आल्यासारखी चकाकी. ती पेस्ट हवेतलं पाणी ओढते, खाऱ्या वाऱ्यातलं मीठ त्यात मिसळतं आणि पट्टीपासून पट्टीपर्यंत वाहक रस्ता तयार होतो. १० किलोओहमच्या जागी याने काही बिघडलं नसतं. मेगओहमच्या जागी ती गळती म्हणजे दुसरा पॉटच.

२५ ऑगस्ट

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. दोनदा धुतलं, दिव्याखाली रात्रभर वाळवलं, पट्ट्यांच्या बाजूने पारदर्शक लॅकरचे दोन हात दिले. सॉकेट आणि पॉटचे संपर्क चिकटपट्टीने झाकून. लॅकर ओल्या बोर्डावर मारू नये, ओल आतच कोंडली जाते. कपॅसिटरचा नाजूक पाय बोर्डावरून उचलला आणि बफरच्या पायाला हवेतूनच जोडला. हवेएवढा चांगला इन्सुलेटर इथे दुसरा नाही, पाऊस असला तरी.

बाहेर धो धो चालू असताना परत मोजलं. आकडा जागचा हलला नाही.

यापुढे या घरात पेस्ट नाही. आत रोझिन असलेली सोल्डर तार पुरते.

९ सप्टेंबर

वाडीतल्या गणपतीपुढे भजन. बुवांना विचारून त्यांच्या माईकवर कंप्रेसर लावला.

आवाज छान आला. बुवा आलाप घेताना मागे झुकतात आणि गजर उचलताना माईक तोंडात घेतात, तरी भिंतीजवळ बसलेल्या म्हाताऱ्यांना शब्द ऐकू येत होते. पण गजर दुगणीत गेला आणि पखवाज तापला, तशी गंमत गेली. धुम्यावर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, थाप पडली की बुवांचा आवाज आत जायचा, आणि दोन थापांच्या मध्ये वर उसळायचा. पुढची लाल एलईडी तोंडाकडे लक्षच देत नव्हती, ती पखवाजाबरोबर नाचत होती.

पखवाजवाल्या काकांनी भजन संपल्यावर लगेच सांगितलं, "माझी थाप पडली की बुवाचो आवाज दबता. तुझो डबो माका ऐकता, बुवाक नाय."

यापेक्षा नेमकं निदान कुणी केलं नसतं.

११ सप्टेंबर

धुम्याला कणीक लावलेली असते, त्याचा जोर खालच्या सुरांत. माणसाच्या शब्दांची ओळख त्याच्या बरीच वर. कानाला पखवाज आणि बुवा वेगळे कळतात, पण रेक्टिफायर फक्त व्होल्टेज बघतो, आणि व्होल्टेज जास्त पखवाजाचं. तेव्हा नियंत्रणाच्या वाटेत, रेक्टिफायरच्या आधी, खालचे सूर गाळायचे. ऐकायच्या आवाजाला हात लावायचा नाही, पखवाज भरदारच ऐकू आला पाहिजे.

०.०१ मायक्रोफॅरड आणि १०० किलोओहम, म्हणजे १५९ हर्ट्झ. ८० हर्ट्झला यातून सातेक डेसिबल जातात. संध्याकाळी लावून पाहिलं, फरक पडला पण थाप अजून जाणवत होती. बोर्डावर एक ऑप-अँप रिकामा होता, तो मध्ये बफर म्हणून घेऊन तसलाच दुसरा टप्पा लावला. आता ८० हर्ट्झला चौदाच्या आसपास जातात.

रात्रीच्या भजनाला काका पखवाज लावत होते तेव्हाच त्यांना सांगून ठेवलं, हात आखडू नका. त्यांनी आखडला नाही. एलईडी बुवांच्या शब्दांबरोबर चालली. काकांनी मान हलवली आणि पुढच्या अभंगाचा ठेका धरला, एवढी पावती मला भरपूर.

६ ऑक्टोबर

पेटी. बंद पडलेल्या अँप्लिफायरची ॲल्युमिनियमची कॅबिनेट घासूनपुसून घेतली. पत्र्याची पेटी इथे दोन पावसाळ्यांत गंजते. जॅक निकेलचे, आत सिलिका जेलची पुडी. ट्रान्सफॉर्मर एलडीआरच्या बोर्डापासून जमेल तितका लांब. १५-०-१५, पुढे ७८१५ आणि ७९१५ हे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर. या दोघांच्या पायांचा क्रम वेगळा असतो: ७८१५ला मधला पाय जमीन, ७९१५ला मधला पाय इनपुट. हीटसिंकला लागणारा पत्रा मधल्या पायाशीच जोडलेला असल्याने ७९१५ कॅबिनेटपासून अभ्रकाने वेगळा ठेवावाच लागतो.

तीन पिनांची वायर, अर्थ थेट कॅबिनेटला, बोल्ट घासून, वॉशर घालून. घरघर घालवायला प्लगची अर्थची पिन तोडणारे लोक आहेत. मांडवात पाय ओल्या मातीत असतात आणि नटाच्या हातात धातूचा माईक. ही पिन कुणीही, कुठल्याही कारणाने तोडू नये. घरघरीला दुसरे उपाय आहेत, शॉकला नाहीत.

२० नोव्हेंबर

पहिली जत्रा. पालखी फिरून आली, आडदशावतार, म्हणजे मुख्य कथेआधीचा भाग, सुरू झाला, संकासुराच्या प्रवेशापर्यंत सगळं सुरळीत. मग दुकानांचे आणि देवळाचे सगळे दिवे एकदम लागले आणि कंप्रेसरमधून जाड घरघर सुरू झाली. बायपास केलं की बंद.

मोबाईलवर रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम पाहिला. शिखर १०० हर्ट्झला, ५०ला जवळपास काहीच नाही. इथेच अर्धं उत्तर मिळालं. जमिनीच्या तारांचा फेरा किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र असतं तर मुख्यतः ५० दिसलं असतं. १०० म्हणजे ब्रिजच्या, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या डायोडच्या, पुढचा लहरीपणा, म्हणजे रेग्युलेटरने हात टेकले. देवळाच्या लाइटच्या बोर्डावर मीटर लावला: १७२ व्होल्ट. देऊळ लाइनच्या अगदी शेवटी, त्यात जत्रेचा भार.

गणित सरळ आहे. २३० वर १५ देणारा ट्रान्सफॉर्मर १७२ वर ११.२ देतो. त्याचं शिखर १५.८, ब्रिजमध्ये ०.७ गेले, उरले १५.१. ७८१५ला १७ तरी लागतात.

आख्यान, म्हणजे मुख्य कथा, कंप्रेसरशिवाय, फेडरवर बोट ठेवून पार पाडलं.

२४ नोव्हेंबर

१८-०-१८ ट्रान्सफॉर्मर, ७८१२ आणि ७९१२. आता १७२ व्होल्टवरही रेग्युलेटरला सव्वाअठरा मिळतात, गरज चौदाची. पहाटे भार उतरून लाइन २४५ वर गेली तरी सव्वीस-सत्तावीस होतात, त्याची सोसायची मर्यादा ३५ आहे. टीएल०७२ बारावर चालवला तरी दहाच्या वर व्होल्ट दोन्ही बाजूंना देतो, माईकच्या कामाला ते उदंड.

कोकणात बांधायचं असेल तर सुरुवातच १७० व्होल्ट धरून करावी, असं माझं ठाम मत झालं आहे. पुस्तकातले नकाशे २३० धरून काढलेले असतात.

१ डिसेंबर

दुसरी जत्रा, रात्रभर चालला. लाइन एकदा १७५ला आली, घरघर नाही.

सेटिंगबद्दल. दाबून गेलेलं परत भरायचा पॉट बघून मोह होतो की नट कुजबुजला तरी मैदानाच्या टोकाला ऐकू जावं. पण जेवढे डेसिबल भरणार, तेवढे माईक शिट्टी मारायच्या जवळ जाणार, कारण नट गप्प असतो तेव्हा कंप्रेसर सोडलेला असतो आणि भरलेलं सगळं माईकच्या वाट्याला येतं. आधी १० ठेवून पाहिले, नट गप्प झाला की माईक घुमायला लागायचा. ४ वर स्थिर. दाब नेहमीच्या बोलण्याला ३, आरोळीला १० पर्यंत. लाल एलईडी सतत पेटलेली दिसली तर दाब कमी करायचा.

खरं काम रिलीजने केलं. लहान ठेवला तर प्रत्येक शब्दानंतर पेटीचा भाता आणि झांज वर उसळते. पूर्ण लांब ठेवला तर राजाच्या आरोळीनंतर राणी बोलायला लागते आणि तिची पहिली दोन-तीन अक्षरं बुडतात. स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाचा आवाज मुळात सौम्य, त्याचीच अक्षरं खाल्ली गेली तर प्रवेशच पडतो. म्हणून विंगेत उभा राहून नटांचा श्वास ऐकला. आरोळी संपते, राजा श्वास घेतो, पाय आपटतो, झांज पडते, मग समोरचा बोलतो. त्या श्वासाएवढ्या वेळात कंप्रेसरने हात सोडलेला असला पाहिजे. पॉट मध्याच्या जरा अलीकडे, ४०० किलोओहमच्या आसपास. दुसऱ्या नटसंचात ही जागा थोडी हलेल, तेव्हा नॉबखाली कागदाची पट्टी चिकटवून त्यावर पेन्सिलने खूण केली आहे.

भोंग्यांचे आणि टॉपचे डायफ्राम वाचवायला मात्र हा डबा उपयोगी नाही, एलडीआर तेवढा चपळ नसतो. माईक हातातून पडला तर तो ठोका सरळ पुढे जातो. त्यासाठी अँप्लिफायरचा स्वतःचा लिमिटर चालूच ठेवायचा.

८ डिसेंबर

कंप्रेसरची पेटी उघडून पाहिली. लॅकर शाबूत, सिलिका जेल बदललं, इन्सर्टच्या जॅकवर हिरवट डाग यायला लागलेत ते साफ केले. चिठ्ठी लावून ठेवलेल्या एलडीआरच्या जोडीचा सेल आज बांधला, वाळत ठेवलाय. दुसरा चॅनल वादकांच्या माईकसाठी नाही, रंगमंचावरच्या दुसऱ्या माईकसाठी. पखवाज आणि पेटी वाजवणारे हात स्वतःच पातळी सांभाळतात, त्यांना कंप्रेसर लावायचा नाही.